उसनी वीज आणि कमावलेले बळ

माजिवडा नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकमेकांना भेटतात. एकेकाळच्या या गावाभोवती आता बहुमजली संकुलांची दाटी झाली आहे. येथील व्यापारी सकाळी लिफ्टने खाली उतरतो, गाडीने दुकानी जातो, दिवसभर गल्ल्यावर बसतो आणि रात्री पुन्हा लिफ्टनेच घरी पोहोचतो. या दिनक्रमात बुद्धी आणि वाणी अखंड राबतात. पायांना मात्र वर्षानुवर्षे सुट्टी असते. यंत्रावरचा घसारा दरवर्षी हिशेबात धरणारा हा माणूस शरीराचा घसारा मात्र कोठेच नोंदवत नाही. साठीच्या सुमारास जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, तेव्हा ती नोंद आपोआप समोर येते.

अशाच एका संकुलातील, साठी ओलांडलेल्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी एके दिवशी विजेचा पट्टा आला. जाहिरातीत म्हटले होते की, कंबरेला किंवा मांडीला पट्टा बांधावा, बटण दाबावे, म्हणजे स्नायू आपोआप घडतात. मुलगा म्हणाला, ‘‘पप्पा, गल्ल्यावर बसल्या बसल्या व्यायाम होईल.’’ वेळेची काटकसर हा व्यापाऱ्याचा स्वभावधर्मच. त्यामुळे ही कल्पना त्यांना पटली यात नवल नाही. तीन महिने पट्टा नियमाने बांधला गेला. मांडी थरथरे, मुंग्या येत, काहीतरी घडते आहे असे वाटे. उठताना हात मात्र पूर्वीसारखाच टेकावा लागे.

तर मग ही सारी फसवणूकच म्हणावी काय? तसेही नाही. या विद्येला मोठा इतिहास आहे. १७९१ साली बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांनी मृत बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अहिंसाप्रेमी मनाला ते रुचणार नाहीत. परंतु वीज आणि स्नायू यांचे नाते त्यांतूनच जगापुढे आले. पुढे फ्रान्समधील डॉक्टर द्युशेन यांनी त्वचेवरून ठरावीक स्नायूला वीज देण्याची पद्धत विकसित केली आणि १८५५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. पक्षाघाताने किंवा शस्त्रक्रियेने दुर्बळ झालेल्या स्नायूला ‘करंट देणे’ ही गोष्ट आज अनेक घरांना परिचित आहे.

खरा प्रश्न निरोगी माणसाचा आहे. १९७०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह कोट्स यांनी विजेमुळे खेळाडूंची ताकद ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचा दावा केला. इतर देशांतील संशोधकांना तेवढी वाढ आढळली नाही. पण वाढ होते, हे मात्र दिसले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात निरोगी पुरुषांच्या मांडीच्या स्नायूंना आठ आठवड्यांत ३२ वेळा वीज देण्यात आली. त्यांची ताकद सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, तर स्नायूचा आकार सुमारे ६ टक्क्यांनी. ही दोन खाती वेगळी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. ताकदीतील वाढीचा मोठा भाग मेंदू आणि मज्जासंस्था स्नायूला अधिक चांगले कामाला लावू लागतात यामुळे येतो; स्नायू प्रत्यक्ष भरतो तो थोडा आणि सावकाश.

शिवाय त्या प्रयोगातील वीज म्हणजे मुंग्या आणणारा सौम्य झटका नव्हे. स्नायू घट्ट आवळला जाईल आणि सोसण्याची कसोटी लागेल इतका प्रवाह असला, तरच वाढ होते. स्नायूवर ताण पडल्यावाचून तो वाढत नाही. मग तो ताण वजनाने येवो वा विजेने. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सोसता येईल एवढा प्रवाह त्या कामाचा नव्हे. चरबीच्या थरातून वीज खोलवर पोहोचत नसल्याने सुटलेल्या पोटावर तर पट्ट्याचा परिणाम आणखीच कमी. २००२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पोटाचे असे पट्टे विकणाऱ्या तीन कंपन्यांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली, ती उगीच नव्हे.

आणखी एक भेद आहे. मनुष्य स्वतः उठतो तेव्हा मज्जारज्जू आधी लहान तंतूंना आणि गरज पडेल तसे मोठ्या तंतूंना कामाला लावतो. बाहेरून दिलेली वीज हा क्रम पाळत नाही. पट्टीखाली जे तंतू येतील त्यांनाच ती पुनःपुन्हा हाकते, म्हणून स्नायू लवकर थकतो. तोल सांभाळणे, पाय नेमका टाकणे, गुडघा आणि कंबर यांचा मेळ घालणे, यांतले काहीच ती शिकवत नाही.

मोठ्या शहरांत आता संपूर्ण अंगाला पट्ट्यांचा पोशाख चढवून वीस मिनिटांचा व्यायाम देणारी केंद्रेही निघाली आहेत. तेथील प्रवाह जोरदार असतो आणि धोकाही तेथेच असतो. पहिल्याच दिवशी अति जोर लावला गेल्याने स्नायूतंतू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरल्याची आणि मूत्रपिंडांवर भार आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. गडद रंगाची लघवी ही त्याची खूण; अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. पेसमेकर असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि अपस्माराच्या रुग्णांनी या वाटेला जाऊच नये.

त्या व्यापाऱ्याला शेवटी सूनबाईंनी भौतिकोपचार तज्ज्ञांकडे नेले. तज्ज्ञांनी एकच साधी परीक्षा घेतली: हात छातीशी बांधून खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते? आकडा स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर व्यापारी गंभीर झाले. त्यांना तोच व्यायाम नेमून देण्यात आला: खुर्चीवरून उठणे-बसणे, दोन मजले जिन्याने चढणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक येण्याआधी दहा मिनिटे हा नेम सुरू झाला. काही महिन्यांनी आकडा वाढला. पट्टा कपाटात गेला.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. त्याला आहाराची जोड हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रमाणानुसार ६० किलो वजनाच्या प्रौढाला दररोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांत गल्ल्यावरील माणसाचे संध्याकाळचे जेवण अनेकदा दोन खाकऱ्यांवर भागते. म्हणून सकाळ-दुपारच्या ताटात, द्विदळाचा नियम सांभाळून, मूग, डाळी, दूध व पनीर यांचा वाटा वाढवावा.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी वीज हे मोलाचे कर्ज आहे. स्वतःची मिळकत सुरू होईपर्यंत ते तारून नेते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांनी केवळ दहा दिवस अंथरुणावर काढल्यावर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल वजन घटले होते. तेव्हा आजारपणात वैद्य सांगतील तर हे कर्ज अवश्य घ्यावे. परंतु ज्याचे पाय चालते आहेत, त्याने कर्जावर प्रपंच का चालवावा? आपल्या घरातील ज्येष्ठ आधाराशिवाय उठू शकतात काय, हे प्रत्येक कुटुंबाने याच आठवड्यात पाहावे.