लोणारचं गुलाबी पाणी

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं खारं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं. पहिला संशय ड्युनालिएला या एकपेशीय शैवालावर गेला, आणि तो रास्तच होता. मिठागरांत हेच शैवाल पाणी रंगवतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं केंद्रक, हरितलवक आणि टोकाच्या दोन कशाभिका ओळखता येतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. त्यांना केंद्रक नसतं. भिंगाखाली ते जीवाणूंसारखेच भासतात. कूळ कळतं ते जनुकांवरून. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करूनच, हॅलोआर्किया ज्यात मोडतात ते आर्किया जीवाणूंपासून वेगळे काढले. लोणारचा नमुना स्थिर ठेवल्यावर गुलाबी साका तळाशी बसला, वर नितळ पाणी उरलं.