सात मतं

राजकारणी माणूस न्यायासनावर बसला की मला धास्ती वाटते. काळा झगा चढवला म्हणून माणूस थोडाच बदलतो? व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापाशी मात्र मी अडखळतो, कारण बदलले तर तेही नाहीत.

थलश्शेरीचे हे वकील. कम्युनिस्टांची वकीलपत्रं घेतल्यामुळे 1948 मध्ये स्वतःच गजाआड गेले. 1957 मध्ये अपक्ष निवडून येऊन केरळात नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळात आले. गृह, कायदा आणि तुरुंगही त्यांच्याकडेच. 1960 मध्ये अवघ्या 7 मतांनी पडले आणि निवडणूक याचिका लढवून त्यांनी आमदारकी मिळवली. पुढे 1968 मध्ये केरळ उच्च न्यायालय, 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालय. या शेवटच्या नेमणुकीला मुंबईच्या काही वकिलांनी विरोध केला होता. सोली सोराबजीही त्यांत होते. नंतर सोराबजींचं मत पार पालटलं.

जून 1975. सुटीतले न्यायमूर्ती म्हणून अय्यर एकटेच. अलाहाबादला निवडणूक याचिकेतच इंदिरा गांधींची निवड रद्द झालेली. कायदामंत्री ह. रा. गोखल्यांनी फोन करून भेट मागितली. गोखले हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, म्हणजे अय्यर ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलटे गेलेले! अय्यर यांनी भेट नाकारली. अपील रजिस्ट्रीत दाखल करा म्हणाले. 24 जूनला आदेश आला: पंतप्रधानपदी राहा, पण लोकसभेत मत देता येणार नाही आणि खासदारकीचं वेतनही नाही. दोन्ही बाजू नाराज. दुसऱ्याच रात्री आणीबाणी.

त्यांचं खरं मोठेपण मला तिहारच्या प्रकरणात दिसतं. सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि तेच पत्र याचिका मानलं गेलं. 1979 च्या त्या निकालाची इंग्रजी इतकी अलंकारिक, की वाचताना दम लागतो. पण ज्याने कोठडीही पाहिली आणि तुरुंग खात्याच्या फायलीही, त्याला तिथली व्यवस्था कुठे किडते ते कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

निवृत्तीनंतर, 1987 मध्ये, ते विरोधकांतर्फे राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि वेंकटरामन यांच्याकडून हरले. न्यायमूर्तींनी असं उभं राहू नये, असं मला आजही वाटतं, अय्यर असले तरी.