करवीरचें ऊन

करवीर क्षेत्रांतील श्रीअंबाबाईचें मंदिर पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९ ते ११ व पुढें ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तारखांच्या सुमारास मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत शिरतात. प्रथम देवीचे चरण व शेवटीं सर्व मूर्ति उजळते. हाच प्रसिद्ध किरणोत्सव होय. परंतु ढग किंवा धूळ आड आली, अथवा बाहेरील उंच बांधकामें वाटेंत उभीं राहिलीं, म्हणजे किरण अर्ध्यावरच थबकतात.

छपरावर वीज करूं इच्छिणाऱ्या कोल्हापूरकराची अडचणहि हीच आहे. महाद्वार रस्त्यावरून शिवाजी पेठेकडे जातांना आम्हीं छपरें न्याहाळलीं. कौलारू बैठ्या घराशेजारीं नवी चार मजली इमारत, असा देखावा पावलोपावलीं दिसतो. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेस कललेला असतो. दक्षिणेच्या शेजाऱ्यानें मजले चढविले कीं इकडील ऊन गेलेंच! पॅनेलें माळेसारखीं एकमेकांस जोडलेलीं असल्यामुळें एकावर सावली पडली तरी साऱ्या माळेची वीज घटूं शकते.

एरव्हीं हिशेब अनुकूल आहे. एक किलोवॅटच्या संचास सुमारें १०० चौरस फूट मोकळी जागा लागते व वर्षाच्या सरासरीनें दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. जून ते सप्टेंबर येथें पाऊस मनस्वी; तेव्हां उत्पन्न घटतें. तथापि नेट मीटरमुळें उन्हाळ्यांतील शिल्लक विजेची वजावट पावसाळ्याच्या बिलांत मिळते. २०२४ सालच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत घरगुती संचास एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० व तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यांत आलें.

व्यवसायाची गोष्ट निराळी. शिरोली व गोकुळ शिरगांव येथील फाउंड्र्यांत लोखंड वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या आहेत. त्यांची भूक छपरावरील पॅनेलांनीं भागणारी नव्हे. तेथें ऊन बिलाचा भार हलका करील, भट्टी चालविणार नाहीं. उलट दिवसां उघडणारें दुकान, शाळा किंवा दवाखाना यांस तें चांगलें मानवेल.

फ्लॅटांच्या इमारतींत मात्र गच्ची सर्वांची, म्हणून कोणाचीच नाहीं. तेथें पैशाआधीं एकमत जमवावें लागतें.

सारांश, उन्हाची या नगरास वाण नाहीं. त्याची वाट मोकळी राखण्याची बुद्धि हवी. किरणोत्सवाच्या वेळीं ज्या अडथळ्याबद्दल आपण सर्वजण हळहळतों, तोच अडथळा शेजाऱ्याच्या छपरावर घालतांना आपणांस कांहींच वाटत नाहीं. नवें घर बांधणाऱ्यानें आपल्या गच्चीवरील ऊन मोजावेंच. परंतु पौष महिन्यांत आपल्या भिंतीची सावली कोणाच्या गच्चीवर पडेल, हेंहि नकाशा करतांनाच पाहून ठेवावें.