बशीतला चहा आणि पाच तारे

कंपनीच्या पैशाने फाइव्ह स्टारमध्ये राहायला कोणाला आवडत नाही? मलाही आवडलं. म्हणजे पहिले काही तास.

शहराचं नाव सांगत नाही, हॉटेलचं तर नाहीच. लॉबी एवढी मोठी, की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं हळदीकुंकू, सत्यनारायण आणि जनरल बॉडी मीटिंग एकाच वेळी तिथे भरली असती आणि तरी मुलांना क्रिकेट खेळायला जागा उरली असती. रूममध्ये पडदे बटणावर चालणारे. बाथरूममध्ये फोन. आणि टेबलावर चक्क उशांचं मेनूकार्ड! मऊ उशी, कडक उशी, मान दुखणाऱ्यांसाठी वेगळी उशी. मी फोटो काढून लगेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. ‘ऐश आहे बॉस तुझी!’ असे मेसेज धडाधड आले.

रात्री दीड वाजता घसा धरला. सकाळी नऊला प्रेझेंटेशन. रूममधली किटली काही केल्या चालू होईना, म्हणून खाली फोन लावला.

‘‘थोडं गरम पाणी आणि चिमूटभर मीठ मिळेल का?’’

पलीकडे शांतता. मग, ‘‘सॉरी मॅडम, ते मेनूमध्ये नाही. ग्रीन टी पाठवू?’’

‘‘चालेल. फक्त त्यात ग्रीन टी टाकू नका.’’

‘‘मग बिल कशाचं करू, मॅडम?’’

प्रश्न अगदी प्रामाणिक होता. त्या मुलाचा आवाज माझ्याइतकाच दमलेला होता आणि चूक त्याची नव्हतीच. त्याच्या कॉम्प्युटरवर गरम पाण्याचं बटण नव्हतं आणि बटणाबाहेरचं काही द्यायची मुभा त्याला कोणी दिली नव्हती. शेवटी मी ग्रीन टी मागवला, पुडी बाजूला काढली आणि देशातल्या बहुधा सर्वात महाग गुळण्या केल्या. मीठ नाहीच आलं.

मग अंथरुणावर पडल्या पडल्या (कडक उशी घेतली होती) विचार करत बसले. हे जर लक्झरी असेल, तर मला आत्ता आईच्या स्वयंपाकघराची आठवण का येतेय?

तारे नेमके कशाचे?

आपल्याकडे हॉटेलांना तारे देण्याचं काम केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची समिती करते. एक तारा ते पाच तारे आणि त्यावर ‘फाइव्ह स्टार डीलक्स’. समितीची माणसं येतात आणि लांबलचक यादी घेऊन तपासणी करतात. खोलीचं क्षेत्रफळ (पंचतारांकितसाठी किमान २०० चौरस फूट), बाथरूम, लिफ्ट, स्वयंपाकघराची स्वच्छता वगैरे वगैरे. यादी कामाची आहे, वाद नाही. पण यादीला मोजता येतं तेच मोजता येतं.

आणि ते ‘सेव्हन स्टार’? तशी सरकारी श्रेणी आपल्याकडे नाहीच. दुबईचं शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब १९९९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून ते बिरुद त्याला चिकटलं. पण ते कौतुकाचं बिरुद, अधिकृत दर्जा नव्हे.

मोजता येणाऱ्या गोष्टींची आणखी एक गंमत आहे. त्या लवकर शिळ्या होतात. १८२९ मध्ये बोस्टनला ट्रेमाँट हाउस नावाचं हॉटेल उघडलं, तेव्हा प्रत्येक खोलीला स्वतंत्र कुलूप आणि फुकट साबण ही चैनीची परमावधी होती. १८९८ मध्ये सेझार रिट्झने पॅरिसला आपलं हॉटेल काढलं, तेव्हा खोलीला जोडून बाथरूम म्हणजे नवलाई. आणि १९०३ मध्ये आपल्या अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झालं, तेव्हा विजेचे दिवे, अमेरिकन पंखे आणि जर्मन लिफ्ट बघून मुंबई थक्क झाली.

आज? दादर स्टेशनबाहेरच्या लॉजच्या पाटीवरही ‘अटॅच्ड बाथ, एसी, वाय-फाय’ लिहिलेलं असतं. म्हणजे जी वस्तू विकत आणता येते, ती आज ना उद्या शेजारचाही आणतो. मग ताज अजून ताज कसं? याचं उत्तर मला मिळालं ते बाबांमुळे.

कोल्हापुरी चपला आणि काचेचं दार

माझे बाबा फोर्टमधल्या एका बँकेत एकतीस वर्षं क्लार्क होते. महिन्यातून एकदा तरी डबा घेऊन ते गेटवेला जायचे. समुद्राकडे तोंड, ताजकडे पाठ. घरी आले की सांगायचे, ‘‘आज ताजमध्ये जेवलो.’’ मग डोळा मारून, ‘‘बाहेर.’’ एकतीस वर्षं हाच जोक. आत पाऊल एकदाही नाही.

म्हणून बोनस झाल्यावर ठरवलं, आई-बाबांना सी लाउंजमध्ये चहाला न्यायचं. जुन्या इमारतीतला पहिला मजला, खिडकीसमोर गेटवे. मुंबईतल्या कितीतरी घरांची लग्नं म्हणे इथल्या चहावर ठरली. आमचा बेत साधा होता, पण घरात वातावरण तणावपूर्ण. आईने पैठणी काढली, मग ‘फार होईल’ म्हणून ठेवली, मग पुन्हा काढली. बाबा बूट शोधत होते. बूट चावतात म्हणून शेवटी कोल्हापुरीच घातल्या आणि टॅक्सीत तीनदा विचारलं, ‘‘चपलांवर आत सोडतात ना गं?’’

हसू नका. हा प्रश्न तुमच्याही मनात कधीतरी येऊन गेलाय. मोठ्या हॉटेलच्या दारात आपण सगळेच जरा पोट आत घेतो, आवाज खाली आणतो, आणि उगाचच ‘थँक यू’ इंग्रजी सिनेमातल्यासारखं म्हणतो.

गंमत म्हणजे ताजची दंतकथाच मुळी या दाराची आहे. जमशेटजी टाटांना काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ‘नेटिव्ह’ म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या रागातून ताज उभं राहिलं, अशी ती गोष्ट. अभ्यासकांना ती तितकीशी पटत नाही, पुरावा कच्चा आहे. पण शंभरेक वर्षं ती सांगितली जातेय, कारण दारात अडवलं जाण्याचं दुखणं सगळ्यांना कळतं. वॉटसनची ती ओतीव लोखंडाची इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन या नावाने मोडकळीला आलेली दिसते. १६ डिसेंबर १९०३ ला उघडलेलं ताज मात्र ताठ उभं आहे.

आत शिरताना बाबांना ज्ञान पाजळलं, की या इमारतीचे मूळ आर्किटेक्ट होते सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनीअरने. गेटवे तर नंतरचा, १९२४ चा. ‘‘म्हणजे हॉटेल आधी आणि गेटवे वीस वर्षांनी?’’ बाबांचा विश्वास बसेना. एकतीस वर्षं ज्याच्या सावलीत डबा खाल्ला, तोच धाकटा निघाला! आर्किटेक्टने हॉटेल उलटं बांधलं म्हणून जीव दिला, ही बाबांची आवडती गोष्टही खोटी निघाली. मूळ दार शहराच्या बाजूलाच ठेवलेलं होतं. आज तिथे स्विमिंग पूल आहे.

बॅगा मशीनमधून गेल्या, आम्ही चौकटीतून गेलो, आणि चपलांकडे कोणीही पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं असेलही. आम्हाला कळलं नाही, एवढंच.

एक रिकामी बशी

चहा आला. नाजूक कप, पांढरीशुभ्र बशी. आणि बाबांनी, जन्मभराच्या सवयीने, कपातला चहा बशीत ओतला.

आईने डोळे वटारले. मी, खोटं कशाला बोलू, आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावर परदेशी जोडपं. पलीकडे लॅपटॉपवाले साहेब. बाबांच्याही लक्षात आलं आणि बशी तोंडाजवळ नेता नेता ते थबकले. एकसष्ट वर्षांचा माणूस शाळेतल्या मुलासारखा ओशाळला.

तेवढ्यात आमचा वेटर आला. बाविशीचा मुलगा असेल. तो हसला नाही, काही बोललाही नाही. त्याने फक्त एक कोरडी, रिकामी बशी आणून बाबांच्या कपाखाली ठेवली, म्हणजे ओली बशी प्यायला मोकळी आणि कप टेकवायला वेगळी जागा. आणि निघून गेला. जणू बशीतून चहा पिणाऱ्यांसाठी दोन बशा लागतात, हे जगाला ठाऊकच आहे.

बाबांनी सुर्रकन घोट घेतला. आईने बाहेर समुद्राकडे पाहिलं आणि मग तीही हसली.

त्या बशीची किंमत बिलात नव्हती. (बाकी सगळ्याची होती. आकडा विचारू नका, बोनस ‘होता’ एवढंच सांगते.)

मग फंडा काय?

घरी येऊन मी जरा वाचायला घेतलं. २६ नोव्हेंबर २००८ ला ताजवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांना मागच्या वाटा ठाऊक होत्या. पळता आलं असतं. तरी बरेच जण पाहुण्यांना बाहेर काढण्यासाठी थांबले. हॉटेलच्या ११ कर्मचाऱ्यांनी जीव गमावला. जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं त्याच इमारतीत गेली आणि तरी ते कामावर उभे राहिले. टॉवरचा भाग महिन्याच्या आत, २१ डिसेंबरला उघडला. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा सुरू झाली.

ही माणसं अशी का वागली, यावर रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लेख लिहिला. त्यातली माहिती भारी आहे. ताजवाले मोठ्या महानगरांऐवजी छोट्या गावांतून मुलं निवडतात. मार्कांइतकंच, मोठ्यांचा मान ठेवतो का, आनंदी असतो का, हे बघतात. (मुंबई सोडून ‘छोट्या’ पुण्याकडे वळतात, असंही त्यात आहे. पुणेकरांनी पत्रं संपादकांना लिहावीत, मला नको.) इतरत्र सर्वसाधारणपणे बारा महिने ट्रेनिंग, इथे अठरा. कारण साधं आहे. मोठ्या हॉटेलात पाहुण्याची कर्मचाऱ्यांशी दिवसाला ४०-४५ वेळा तरी गाठ पडते आणि त्यातल्या बहुतेक वेळी साहेब आसपास नसतो. त्या मुलाला स्वतःच ठरवावं लागतं. म्हणून पाहुण्याची बाजू आधी घ्यायची, हे त्याला शिकवलेलं असतं.

रिट्झ-कार्लटनची गोष्टही हॉटेलवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तिथे पाहुण्याची अडचण सोडवायला साध्या कर्मचाऱ्यालाही वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते. आणि माझ्या त्या मध्यरात्रीच्या मुलाला? चिमूटभर मिठाचीही नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्या कोकणातल्या घरगुती खानावळीतल्या काकू काय वाईट? न मागता सोलकढी वाढतात, पोट बिघडलं तर भाताची पेज करून देतात. बरोबर आहे. ती माया आहे आणि ती लक्झरीहून मोठीच. पण काकू माहेरी गेल्या की संपलं. मोठ्या हॉटेलने पैसे घ्यायचे ते या ‘संपलं’साठी. रात्री तीनला, तिसऱ्या शिफ्टला, अनोळखी माणसाकडून, अनोळखी माणसालाही तेच मिळालं पाहिजे. कोण ड्युटीवर आहे यावर ते अवलंबून नको. त्यासाठी माणसं जास्त लागतात, ती जपावी लागतात आणि त्यांच्यावर विश्वास टाकावा लागतो. खरा खर्च तिथे आहे. संगमरवर त्यामानाने स्वस्त.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूचीही. आपल्यापैकी बरेच जण दिवसभर कोणाच्या तरी मागे ‘येस सर’ करत फिरतो आणि हॉटेलात गेलो की ते व्याजासकट वसूल करतो. वेटरला चुटकी वाजवून बोलावतो. त्याने आपल्याला लहान वाटू द्यायचं नाही, पण आपण त्याला लहान करायचं, हा कुठला न्याय?

पुढच्या वेळी चेक-इन करताना

लॉबीचा फोटो जरूर काढा, पण या तीन गोष्टीही बघा.

एक, मेनूत नसलेली साधी गोष्ट मागा. गरम पाणी, मऊ भात, लिंबू. ‘विचारून सांगतो’ आलं की समजा, तारे भिंतीवर आहेत, माणसांच्या हातात नाहीत.

दोन, सफाई करणाऱ्या मावशी मॅनेजर समोर आल्यावर कशा उभ्या राहतात ते बघा. जिथे त्या दचकतात, तिथे तुमचंही काही खरं नाही.

तीन, तुमच्यासोबतचा सर्वात बुजरा माणूस दहा मिनिटांनी कसा बसलाय ते बघा. खुर्चीच्या टोकावर, की पाठ टेकून?

बाबा त्या दिवशी पाठ टेकून बसले होते. निघताना त्यांनी खिडकीतून खाली गेटवेकडे बराच वेळ पाहिलं. कठड्यावर कोणीतरी डबा उघडून बसलं होतं. समुद्राकडे तोंड, आमच्याकडे पाठ.

टॅक्सीत आईने विचारलं, ‘‘कसं वाटलं हो?’’

‘‘चहा आपल्या घरचा बरा,’’ बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, ‘‘पण तो पोरगा कुठल्या गावचा होता, विचारायला हवं होतं.’’