बघणाऱ्यांसाठी मांडलेला खेळ

'या ना काका, ट्राय करा. फुकट आहे.'

पुण्यातल्या एका मॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २०१०-११च्या हिवाळ्यात हे वाक्य प्रस्तुत लेखकाच्या तोंडी संध्याकाळभर असे. कॉलेज सुटलं की अंगात कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि समोर मायक्रोसॉफ्टचा नवाकोरा कायनेक्ट, म्हणजे खेळणाऱ्याच्या अंगाच्या हालचाली ओळखणारा सेन्सर. काका अर्थातच येत नसत. आधी लांब उभं राहून ते दुसऱ्या कुणाची तरी फजिती मनसोक्त बघत. त्यामुळे डेमो देणाऱ्या पोरांना मिळालेली पहिली शिकवण अशी, की येणाऱ्या-जाणाऱ्याला टीव्ही दिसला नाही तरी चालेल, खेळणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे.

ही शिकवण काही त्या दुकानात जन्मली नव्हती. सप्टेंबर २००५मध्ये टोकियो गेम शोमध्ये निंटेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी टीव्हीच्या रिमोटसारखा दिसणारा कंट्रोलर जगासमोर आणला, तेव्हा दाखवलेल्या फिल्ममध्ये खेळ जवळजवळ नव्हताच. होती ती माणसं. कुणी गळ टाकतंय, कुणी भाजी चिरतंय, आणि पडद्यावर काय चाललंय ते बघणाऱ्यानं आवाजावरून ओळखायचं. पुढच्या वर्षी हा कंट्रोलर असलेला गेम कन्सोल, वी, बाजारात आला, तेव्हा अमेरिकेतल्या जाहिरातीत दोन जपानी गृहस्थ छोट्या गाडीतून घरोघरी जात, वाकून नमस्कार करत आणि रिमोट पुढे करत. निंटेंडोनं निवडक आयांना हाताशी धरून त्यांच्या घरी मैत्रिणींच्या पार्ट्याही घडवून आणल्या. गेमिंगच्या मासिकांचं तोंडही न पाहणाऱ्या या बायका, पण घरात काय येणार हे ठरवणाऱ्या. हा नेम अचूक होता, असं या लेखकाचं मत आहे.

किमतीचंही गणित होतंच. वी अडीचशे डॉलरला, आणि अमेरिकेत सोबत वी स्पोर्ट्स फुकट. वीच्याच महिन्यात आलेला सोनीचा प्लेस्टेशन ३ पाचशेच्या घरात सुरू होत होता. पण खरी चलाखी त्या फुकट डिस्कमध्ये होती. टेनिस आणि बोलिंग शिकवावं लागत नाही. दुकानातला डेमोच निंटेंडोनं खोक्यात घालून घरी पाठवला, आणि ज्यानं वी घेतला तो पाहुण्यांसमोर आपसूक सेल्समन झाला. अमेरिकेतल्या वृद्धनिवासांत बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या. लोक इतक्या जोमानं हात फिरवू लागले, की रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळायचे. डिसेंबर २००६मध्ये कंपनीला मनगटाचे लाखो पट्टे बदलून द्यावे लागले. वीची एकूण विक्री दहा कोटींच्या वर गेली.

मायक्रोसॉफ्टनं एक पाऊल पुढे टाकलं आणि कायनेक्टमध्ये रिमोटच काढून टाकला. 'तुम्हीच कंट्रोलर' अशा अर्थाची घोषणा, लॉस एंजेलिसमध्ये सर्क दु सोले या सर्कशीच्या कलावंतांचा कार्यक्रम, ओप्रा विन्फ्रीच्या शोमध्ये प्रेक्षकांना फुकट वाटप. नोव्हेंबर २०१०मध्ये विक्री सुरू झाली आणि पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख नग खपले. गिनीजनं त्याची नोंद घेतली.

भारतातही तो त्याच महिन्यात आला, दहा हजार रुपयांच्या आसपास. तो ज्याला जोडायचा तो एक्सबॉक्स कन्सोल वेगळा.

दुकानात एका शनिवारी साठीच्या काकू सुनेबरोबर आल्या. 'मला मेलीला कुठलं जमतंय,' म्हणत त्यांनी पर्स सुनेकडे दिली, देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढल्या आणि पदर कमरेला खोचला. बोलिंग लावलं होतं. पहिल्यांदा त्यांनी दोन्ही हात जोरात पुढे टाकले. स्क्रीनवरची बाहुली ढिम्म.

'काकू, आधी हात बाजूला न्या. चेंडू तिथं ठेवलाय.'

'कुठंय?'

'आहे असं समजा.'

काकूंनी नसलेला चेंडू अगदी वजन तोलत उचलला, किंचित वाकल्या आणि सोडला. सगळ्या पिना आडव्या. 'अगं बाई!' एवढंच म्हणून त्या वळल्या, तर मागे वीसेक माणसं टाळ्या वाजवत होती. सुनेनं तिथल्या तिथे किंमत विचारली, ईएमआय विचारला. मग खरा प्रश्न आला: 'आमच्या हॉलमध्ये मावेल ना?'

एकट्यानं खेळायचं तर सेन्सरपासून सहा फूट लांब उभं राहावं लागे, दोघांना आठ. दुकानात जमिनीवर पांढरी टेप चिकटवून तेवढी मोकळी जागा राखलेली होती. सूनबाई त्या टेपवरून पावलं मोजत चालल्या आणि सासूकडे बघून म्हणाल्या, 'आई, मग दिवाण कुठं ठेवायचा?' वन बीएचकेचं हे गणित डेमोच्या पोरांना कुणी पढवलेलं नव्हतं. टीपॉय सरकवा, असं सांगायचं, बस्स. काही घरं सरकवतही. पण रोज संध्याकाळी सरकवायला लागणारा टीपॉय, बोलिंगची नवलाई ओसरल्यावर, किती दिवस कोण सरकवणार? रिमोटवाल्या वीची अडचण यापेक्षा कमी होती. सोफ्यावर बसून नुसतं मनगट हलवलं तरी टेनिस होत असे, आणि आळशी माणसाला हे चटकन कळतं.

मायक्रोसॉफ्टनं २०१३मध्ये एक्सबॉक्स वनच्या खोक्यात कायनेक्ट सक्तीनं घातला आणि किंमत ठेवली ४९९ डॉलर, प्लेस्टेशन ४पेक्षा शंभरानं जास्त. नेहमीच्या गेमरांना तो नको होता, आणि काकूंसारखं गिऱ्हाईक पाचशे डॉलरच्या कन्सोलकडे फिरकतही नव्हतं. पुढच्याच जूनमध्ये कायनेक्टविना एक्सबॉक्स ३९९ला विकायला निघाला, आणि २०१७मध्ये कायनेक्टचं उत्पादन थांबलं.