नावनिशी

रुमाल. जुने कागद जाड फडक्यात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याचं हे नाव. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून घेतले. बाकीचा डोंगर जागच्या जागी. घराण्याचा शोध घेत आलेला माणूस तिथे पहिल्याच दिवशी गांगरतो, कारण दप्तर घराण्यावार लावलेलं नसतंच. ते परगण्यावार, खात्यावार, पैशाच्या हिशेबावार. खापरपणजोबा सापडलेच तर सारा थकवताना, कर्ज काढताना, नाहीतर भाऊबंदांशी भांडताना. गुण्यागोविंदाने नांदलेल्या माणसाचा कागद होत नाही.

करीना. भांडणातून निघालेला सर्वांत कामाचा कागद हा. वतनाचा वाद उभा राहिला की दोन्ही बाजूंनी आपली हकीकत मुळापासून लिहून द्यायची. मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरला कशाने वारला, धाकटा दुष्काळात कुठे परागंदा झाला, मग वतन कुणी बळकावलं. हक्क शाबीत करायचा म्हणून पाच-सहा पिढ्या धडाधड सांगितल्या जात. त्यातली एक बाजू अर्थातच लबाड असे, पण लबाडालाही आजोबांची नावं द्यावी लागत. मग गोत, म्हणजे वतनदारांची सभा, बसे, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई, आणि खाली साक्षी. लिहिता न येणाऱ्यांची खूण त्यांच्या धंद्याची: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, महाराचा विळादोर. अख्ख्या गावाची हत्यारं एका कागदाच्या तळाशी ओळीने मांडलेली. आडनावाचा पत्ता नसतो. खूण मात्र चुकत नाही.

हे वाचायचं तर मोडी हवी. आधी पानभर आडवी रेघ, मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं, शब्द तोडायची पद्धत नाही. स्वातंत्र्यानंतर ती शाळांतून गेली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा कचेऱ्यांना एकदम मोडी वाचणाऱ्यांची आठवण झाली. पेन्शनीतले चार जाणकार भाव खाऊन गेले, ते बरंच झालं.

सनही तसाच. कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असं असेल तर तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण वर्ष मृगावर बदलतं. उत्तर १७७२-७३.

बिन आणि कोम. जुन्या नोंदींत माणूस अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा; बाई असेल तर कोम, म्हणजे अमक्याची बायको. आडनाव पुष्कळदा नाहीच, आणि असलं तरी त्याच्यावर विसंबू नये. एकाच घरातला एक भाऊ हुद्द्यावरून कुलकर्णी, दुसरा जोसपण करतो म्हणून जोशी, तिसरा गाव सोडून गेला आणि तिकडे मूळ गावाच्या नावाला ‘कर’ लावून घेतला. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, पाटलांची १९६२ च्या. आडनावं राहिली. म्हणून जाणता माणूस आडनावाआधी गाव विचारतो, मग कुलदैवत, मग देवक. गोव्यात बाप्तिस्म्याबरोबर आडनाव पोर्तुगीज झालं, तरी गावकारीतला वांगड, म्हणजे कूळ, तोच राहिला. तिकडे शोध त्या वाटेने निघतो.

शाळेचं जनरल रजिस्टर. नाव, जात, गाव, जन्मतारीख. जन्मतारीख १ जून. अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म गुरुजींनी १ जूनला उरकला आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरी अजून आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की आतून लांबोडकी वही येते, आणि आजोबांचं अक्षर समोर. कधी आले, कुणाच्या अस्थी आणल्या, बरोबर कोण होतं, भाऊ किती, मुलं किती, चुलते कुठे नांदतात. दक्षिणेसाठी ठेवलेली ही नोंद सरकारी कागदापेक्षा खरी, कारण इथे खोटं बोलून काही मिळत नव्हतं. हल्ली लोक सकाळी गाडीने येतात आणि संध्याकाळी परत. नोंद झालीच तर दोन ओळी आणि मोबाइल नंबर.

कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेळवी येत. नंदीबैल, वह्या, दारात बसून वंशावळ म्हणायची आणि धान्य घेऊन जायचं. आता वाटणी झालेल्या घरांत त्यांनी नेमक्या कुणाच्या दारी बसावं, हाही प्रश्नच.

या सगळ्यात बायका कुठे? वंशावळीत मुलगी लग्नापर्यंत, बहुधा तेवढीही नाही. छापील कुळवृत्तांतात सून येते, कंसात माहेरचं आडनाव घेऊन. तेही निम्म्यांच्याच बाबतीत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की आधीचं नाव घरच्या बोलण्यातून जाई. आडनाव बदललेलं, नाव बदललेलं, गाव बदललेलं. कुठल्या रुमालात शोधणार? त्यांची नावं हक्काने मागणारी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे श्राद्ध. तिथे बापाच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजीही नावानिशी लागतात, आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्याही. गुरुजी संकल्प थांबवून विचारतात, पणजीचं नाव? पळीतलं पाणी हातावर, सगळे एकमेकांकडे बघतात, आणि कुणीतरी म्हाताऱ्या आत्याला फोन लावतं. आत्या पलीकडून विचारते, “सासरचं सांगू की माहेरचं?”