पुढचा किरायेदार

लातूरच्या ट्युशन एरियात, उद्योग भवनाच्या आसपासच्या गल्ल्यांत, मे महिन्यात ओल्या डिस्टेंपरचा वास सुटतो. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा बहुतेक वर्षी मेच्या पहिल्या रविवारी होते आणि त्याच आठवड्यात गल्लीच्या गल्ली मोकळी होते. लोखंडी कॉट अंगणात येतात, डब्याची खाती मिटतात, मालक भिंतींना हात मारून घेतात. हे ठरलेलं रिकामं होणं आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण तोच वास दिवाळीनंतर एखाद्याच घरातून आला तर तो मनाला लागतो. अकरा महिन्यांचा करार कुठेतरी अर्ध्यात मोडलेला असतो. भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता तसाच राहिलेला, सूत्रांच्या कागदांच्या जागी चिकटपट्टीचे पिवळे चौकोन, दाराच्या आतल्या बाजूला सकाळी पाचपासूनचं वेळापत्रक. फाटकावर पुठ्ठा लागतो : 'रूम किरायाने देणे आहे'. नांदेडला श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगरात हेच दिसतं. पुठ्ठ्यावर मजकूर थोडाच असतो, पण फोन केला की पहिला प्रश्न येतो : आडनाव काय, गाव कोणतं, कोणापैकी? या प्रश्नावर माझा जुना राग आहे. करार मोडल्यानंतर पुढचा किरायेदार निवडताना आधीचा कोणत्या कारणाने गेला ते पाहावं. तो कोण होता आणि नवा कोण आहे, यावरून निवड करणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय मालकाच्याही तोट्याचं आहे.

या दोन शहरांत रूम मध्येच का सुटतात? मुलाचं मन लागत नाही. क्लास बदलतो, मुलगा कोट्याला किंवा हैदराबादला जातो. अतिवृष्टीत सोयाबीन जातं आणि बापाला पुढचा हप्ता झेपत नाही. नोकरदाराची बदली होते. कधी बोअर आटतो. लातूरकरांना २०१६ सांगावं लागत नाही : मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात ज्याच्या टाकीत पाणी होतं, त्याचीच रूम राहण्याजोगी होती. मग आला मार्च २०२०. टाळेबंदी लागली, मुलं मिळेल त्या वाहनाने गावी गेली आणि रूमना कुलपं लागली. मेमधली 'नीट' पुढे ढकलत १३ सप्टेंबरला झाली. त्या कुलूपबंद रूमपाशी माझा विचार पुनःपुन्हा येऊन थांबतो. आत गाद्या, पुस्तकं, बादल्या, आणि बाहेर किराया मागावा की नको या पेचात पडलेला मालक. सतरा एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं की किरायाची वसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि थकला म्हणून कुणाला बाहेर काढू नका. मराठवाड्यातल्या विद्यार्थी-वस्त्यांत एवढे करार एका वेळी कधी मोडले नसतील. त्यात देशमुखांचा मुलगा होता, कांबळ्यांचा होता, शेखांचाही होता. कुलूप साऱ्यांच्या दाराला सारखंच लागलं. करार मोडण्याचं कारण आडनावात असतं, असं मानणाऱ्याने या एका वर्षाचा तरी विचार करावा.

मालकाची बाजू मी हलकी धरत नाही. रूम देणारा दर वेळी बडा आसामी नसतो. निवृत्त शिक्षकाने फंडाच्या पैशांतून वरचा मजला चढवलेला असतो, एखाद्या विधवेचा महिना दोन रूमवर चालतो, कुणाचे बँकेचे हप्ते किरायातूनच जातात. नोव्हेंबरात सुटलेली रूम लवकर भरत नाही, कारण मुलांचा ओघ जूनचा असतो. सहा महिने रिकामे गेले तर तो घाव खराच असतो आणि तो बसला की माणूस खात्रीचा आधार शोधतो. आपल्यातला आणा, ओळखीतला आणा, म्हणजे पुन्हा असं होणार नाही, असं त्याला वाटतं. ही भीती मला समजते, तिने काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. आपल्यातल्या मुलाचंही मन उडतं, त्याच्याही शेतात पाणी साचतं. उलट अमुकच माणूस हवा म्हणून दार लावून बसलेला मालक आपला तोटा स्वतःच वाढवत असतो. कायदाही याकडे डोळेझाक करत नाही. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या ७३व्या कलमाखालचं स्पष्टीकरण सांगतं की करार मोडल्याची भरपाई ठरवताना, झालेली गैरसोय दूर करायचे कोणते मार्ग हाताशी होते, हेही पाहिलं जाईल. म्हणजे आलेली बरी माणसं परत पाठवायची, रूम बंद ठेवायची आणि सगळ्या महिन्यांचं बिल गेलेल्या मुलाच्या बापाकडे धाडायचं, हे चालत नाही. ७४वं कलम ठरलेल्या दंडाच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. डिपॉझिट सरसकट गिळण्याची रीत या कसोटीवर टिकणं अवघड आहे.

इथे एक जुनी गोष्ट मध्येच आल्यावाचून राहत नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. शिक्षण कोलंबिया विद्यापीठाचं, नोकरी राज्याची, पगार ठरलेला. शहरात त्यांना कुणी जागा देईना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी सराईत ते राहिले. कळल्यावर लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. दुसरी मिळाली नाही, ते मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. घर देणाऱ्याने विचारावेत असे सगळे खरे प्रश्न त्यांना लावून पाहा. किराया वेळेवर देईल का? देईल. किती दिवस राहील? बडोद्याच्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षं नोकरीचा शब्द होता. वागणूक? अभ्यासाची. प्रत्येक कसोटीवर तो माणूस उत्तम किरायेदार होता आणि एका गैरलागू प्रश्नावर बाहेर गेला. शंभर वर्षांनी प्रश्न संपला असता तर ही गोष्ट इथे काढायचं कारण नव्हतं. पण सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि लगतच्या शहरांत घर शोधणाऱ्यांच्या अनुभवाची पाहणी केली. २०१५मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ती आली. सवर्ण नावाने फोन केला तर नकार मिळत नव्हता, दलित आणि मुस्लिम नावांना मिळत होता, मुस्लिमांना जास्तच. लातूर-नांदेडचा फोन दिल्लीहून वेगळा वाजत असेल, असं मानायला मला आधार सापडत नाही.

मग विचारायचं काय? ज्याने करार मोडतो तेच. किती तारखेपर्यंत राहणार, परीक्षा कधी, त्यानंतर काय? किराया कोण भरणार, बाप की भाऊ, महिन्याला की पीक निघाल्यावर? मध्येच सोडायची वेळ आली तर किती दिवस आधी सांगणार आणि डिपॉझिटातून नेमकं काय कापलं जाणार? यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट सहीची आहे. अकरावी-बारावीचा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो. अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३मध्येच ठरवून टाकलं. त्याच्या सहीचा कागद मालकाला कामाचा नाही, सही पालकाची हवी. आणि कागद नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. तोवर मराठवाड्यात जुन्या हैदराबाद राज्याच्या वारशाने आलेला १९५४चा घरभाडे कायदा चालत होता. नव्या कायद्याचं ५५वं कलम सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि जबाबदारी मालकाची आहे. कागद नसेल तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाही, ही समजूत अजून घट्ट आहे आणि ती मालकालाच गोत्यात आणते. माझ्या मते क्रम सोपा असावा : प्रश्न आधी लिहून काढावेत, प्रत्येकाला तेच विचारावेत आणि त्यांत बसणारा जो पहिला येईल त्याला रूम द्यावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : घर माझं, मर्जी माझी. खालच्या मजल्यावर मालक स्वतः राहतो, जिना एक, पाण्याची टाकी एक. कुणाबरोबर राहायचं हे ठरवायचा हक्क त्याला का नसावा? हक्क आहे आणि खासगी मालकाला राज्यघटनेचं १५वं कलम सहसा थेट बांधत नाही, हेही खरं. पण मर्जीचं बोलणं वागण्याबद्दल करावं. रात्री दहानंतर गोंगाट नको, गच्चीवर पार्ट्या नकोत, टाकी भरल्यावर मोटार बंद करायची, या अटी कुणालाही घालता येतात आणि कुणालाही पाळता येतात. जन्माने आलेली गोष्ट कुणाला पाळता किंवा मोडता येत नाही, म्हणून ती अट होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. त्यासाठी पोलिस ठाण्यात किरायेदाराची माहिती देण्याची सोय आहेच. ती प्रत्येकाची द्यावी, निवडक नावांची नको. तिसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तो सर्वात विचार करायला लावतो : जाणाऱ्या मुलानेच बदली मुलगा आणून द्यावा आणि डिपॉझिट घेऊन जावं, ही चालत आलेली रीत चांगली नाही का? तिने रूम लवकर भरते, मुलाचे पैसे वाचतात, भांडण टळतं. हे सगळं मान्य. फक्त मुलगा बदली आणतो तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आणि हळूहळू पूर्ण इमारत एका तालुक्याची, एका समाजाची होते. म्हणून त्याने आणलेलं नाव जरूर घ्यावं, पण तेच प्रश्न त्यालाही विचारावेत आणि पुठ्ठा फाटकावर राहू द्यावा.

यात सरकारने पडावं, असं मी म्हणत नाही. शेजारच्या विदर्भात १९४९च्या भाडे नियंत्रण आदेशाखाली घर रिकामं झालं की मालकाने जिल्हा प्रशासनाला कळवायचं आणि ते सांगतील त्याला घर द्यायचं, अशी व्यवस्था होती. पुढचा किरायेदार साहेबाने निवडायचा, या कल्पनेने मालक घर रिकामं झाल्याचं लपवायलाच शिकतो. न्याय मालकाच्या हातून झाला तरच टिकेल. आणि राहायच्या जागेचा न्याय किती मोठा असतो, हे राजर्षी शाहूंनी ओळखलं होतं. १९०१मध्ये कोल्हापुरात त्यांनी पहिलं वसतिगृह उघडलं आणि मग एकेका समाजासाठी उघडत गेले, कारण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नसेल तर शाळेचं दार उघडं असून उपयोग नाही, हे त्यांना दिसत होतं. अभ्यासाच्या ज्या लातूर पॅटर्नच्या जोरावर लातूरच्या रूम भरतात, तो घडवणाऱ्या महाविद्यालयांत एकाला त्यांचंच नाव आहे. मुलाला प्रवेश गुणांवर मिळतो. त्याच मुलाला रूम आडनावावर नाकारली तर त्याने मिळवलेला प्रवेश आपण अर्ध्यावर काढून घेतो. म्हणून माझं मालकांना एवढंच मागणं आहे : आधीचा मुलगा गेला याचा राग धरा, हिशेब करा, कागद पक्का करा, पालकाची सही घ्या. पण पुढच्या फोनवर पहिला प्रश्न हा विचारा की रूम कधीपासून कधीपर्यंत हवी आहे.